कुल्फीच्या थर्मासात पार्बताबाईचं औषध

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर आधी कानाशी धरून हलवून पाहा. सगळेच पाहतात. आतून खळखळ ऐकू आली तर समजायचं, काच फुटली, थर्मास संपला. काहीच ऐकू आलं नाही तर मी अजून आहे. गेली सव्वीस वर्षं मी त्या आवाजाच्या धास्तीत जगतो आहे. तेव्हा माझी गोष्ट जरा घाबरट वाटली तर हसू नका. ज्याच्या पोटात काच आहे, त्यानं आणखी कसं असावं?

मी एक जुना, रुंद तोंडाचा थर्मास आहे. बाहेरून निळा पत्रा, वर लाल झाकण, आणि धरायला एक कान. कान दोनदा तुटला आणि दोन्ही वेळा तारेनं बांधला गेला. कारखान्यात माझ्यासाठी काचेची दोन भांडी एकात एक बसवली, मधली हवा ओढून घेतली आणि तोंड बंद केलं. त्या मधल्या पोकळीतच माझी सगळी हुशारी आहे. गरम ठेवलं तर मी गरम धरतो, गार ठेवलं तर गार धरतो. पण काय ठेवलं, कशाला ठेवलं, हे मला विचारता येत नाही. पुढे जे झालं ते यामुळेच झालं.

अमरावतीच्या एका दुकानातून मला भगवंतरावांनी आणलं. दर्यापूरच्या बसस्टँडसमोर त्यांची कुल्फीची गाडी होती. गाडीवर मोठा लाकडी पिंप असायचा, पण लग्नाच्या मांडवात आणि तहसील कचेरीत कुल्फी पोचवायची तर माझ्यातून. तळाला कुटलेला बर्फ, बर्फावर मूठभर खडे मीठ, मध्ये कुल्फीचे साचे. बर्फावर मीठ टाकलं की तो विरघळू लागतो, पण विरघळता विरघळता इतका गार होतो, की दुधाचासुद्धा दगड करतो. ही विद्या भगवंतरावांची बायको सुंदराबाई हिच्या हातात होती. किती बर्फाला किती मीठ, हे ती न बघता टाकायची. मे महिन्यात डांबर चपलेला चिकटायचं, आणि माझ्यातून कुल्फी निघायची ती टणक. लोक म्हणायचे, "सुंदराबाईचा थर्मास म्हणजे थर्मास!" मी पत्र्याच्या आतल्या आत फुगायचो.

मग घरात डीप फ्रीजर आला. भगवंतराव गेले. मुलगा नितेश आईच्या जोडीनं गाडी पाहू लागला आणि मी माळ्यावर गेलो. शेजारी एक फुटका पंखा आणि जुन्या वह्यांचा गठ्ठा. आठ वर्षं मला कोणी कानाशी धरलं नाही. मित्रांनो, फुटण्याची भीती वाईट खरी, पण आपण फुटलो की नाही हे कोणालाच जाणून घ्यायचं नाही, ते त्याहून वाईट.

आता पार्बताबाईची ओळख करून देतो. सुंदराबाईच्या गाडीशेजारी तिचं फुलांचं दुकान. दुकान म्हणजे एक बाजेवरची पाटी, ओल्या पोत्याखाली झेंडू, शेवंती, हार. बावीस वर्षं दोघी शेजारी बसल्या. पार्बताबाईच्या पोत्यावर शिंपडायला गार पाणी सुंदराबाईच्या बर्फाचं, आणि सुंदराबाईच्या गाडीवरच्या देवाला हार पार्बताबाईचा. पार्बताबाईला साखरेचा आजार. सकाळ-संध्याकाळ पोटात सुई घ्यावी लागते. सुईतलं औषध इन्सुलिन, दुधासारखं पांढुरकं, लहानशा काचेच्या बाटलीत.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा सुंदराबाई म्हणाली, "पार्बता, जलमभर बर्फ इकला. पण आभायातून पडलेला कधी पाह्यला नाई."

"मंग काय आता आभायाले सांगू, दर्यापुरात पाड म्हून?"

"आपुनच जाऊ ना. सिमल्याले. सस्त्यात."

"येडी झाली का व? मले दिवसातून दोनदा सुई लागते."

"सुई काय बसमदी चालत नाई?"

असं दोन वर्षं चाललं. शेवटी मार्च लागता लागता, कुल्फीचा हंगाम सुरू व्हायच्या आत, दोघींनी ठरवलं. पार्बताबाईची सून हर्षा तिला अकोल्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. बाटल्या थंड ठेवा, पण गोठू देऊ नका, असं डॉक्टर म्हणाले. सुंदराबाई सोबत होती. तिनं मान हलवली. पण खरं सांगू? त्यातलं अर्धंच तिच्या मनात उतरलं. थंडीनं काही बिघडतं, हे दर्यापुरात कोणाच्या अनुभवातच नाही. आमच्याकडे जे बिघडतं ते उन्हानं. दूध, फुलं, माणसांची डोकी.

मला माळ्यावरून खाली काढलं. सुंदराबाईनं कानाशी धरून हलवलं आणि तिचा चेहरा उजळला. "हाये व हाये! याच्यात नेऊ तुहं औषध."

हर्षानं मला साबणानं धुतलं आणि नीट मांडणी करून दिली. तळाला बर्फ, त्यावर दुमडलेला टॉवेल, टॉवेलवर प्लॅस्टिकची डबी, डबीत दोन बाटल्या. तिनं सुंदराबाईला दोनदा बजावलं, "मावशी, बाटली बर्फाले लागू द्यायची नाई."

"अवं पोरी, बर्फाचं मले शिकवते?" सुंदराबाई हसली.

मी हसलो नाही. मला तेव्हापासूनच धास्ती लागली.

अकोल्याहून रेल्वे. स्लीपरच्या डब्यात वरच्या बर्थवर मला उशाशी घेऊन पार्बताबाई आडवी व्हायची. दर मोठ्या स्टेशनवर सुंदराबाई उतरून बर्फ आणायची, आणि गाडी सुटेपर्यंत माझा जीव पार्बताबाईच्या जिवाइतकाच टांगलेला असायचा. शिदोरीत ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पिशवीभर मुगवड्या. हॉटेलात जेवायचं नाही आणि धर्मशाळेखेरीज राहायचं नाही, हा दोघींचा नेम. दिल्लीला गाडी बदलली, कालक्याला छोटी गाडी धरली. डोंगर चढू लागली तशी पार्बताबाईनं खिडकी लावून घेतली.

"कायले लावते? पाहू दे ना!"

"तू पाह्य. मी देवाचं नाव घेते. खाली पाह्यलं तर पोटातली भाकर वर येते."

शिमल्यात बर्फ नव्हता. फक्त थंडी होती आणि चढ होता. धर्मशाळा चढाच्या टोकाला, बाजार तळाला. दोघी दर वीस पायऱ्यांवर बसायच्या आणि एकमेकींना दोष द्यायच्या. पार्बताबाईचे पाय सुजले, सुंदराबाईचे गुडघे दुखले. गरम पाण्यात मीठ टाकून गुडघे शेकायला म्हणून सुंदराबाईनं एका किराणा दुकानातून खडे मिठाची पुडी घेतली आणि पिशवीत टाकली. ती पुडी माझ्या शेजारी पडली. मित्रांनो, त्या मिठाला मी ओळखत होतो.

तिथून सरकारी बसनं नारकंडा, आणखी उंचावरचं गाव. बस वळणं घेत वर गेली आणि एका वळणावर सुंदराबाई एकदम उभी राहिली. रस्त्याच्या कडेला सावलीत बर्फ होता! आठवड्यापूर्वी पडलेला, वरून मळका, आतून पांढराशुभ्र. बस चहाला थांबली तशी ती धावत गेली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत बर्फात खुपसले.

"पार्बता! फुकटाचा व! कोणाच्या बापाचा नाई!"

पार्बताबाई शालीत गुरफटून चहा घेत होती, बिनसाखरेचा. ती लांबूनच हसली.

तिथून पुढची बस खाली उतरत होती. सतलजच्या काठी रामपूर नावाचं गाव आहे. खाली ऊन असतं, असं कंडक्टरनं सांगितलं. ऊन म्हटलं की सुंदराबाईचे हात आपोआप चालू लागतात. तिनं मला उघडलं. टॉवेल काढला, डबी काढली. ताज्या बर्फाच्या मुठी भरभरून कोंबल्या. मग तिला मिठाची पुडी आठवली. मूठभर मीठ टाकलं, न बघता, बरोब्बर. डबीला जागा उरली नाही, म्हणून दोन्ही बाटल्या तिनं बर्फातच उभ्या खोचल्या, साचे खोचावेत तशा. आणि झाकण घट्ट लावलं.

हे तिनं मायेनं केलं, मित्रांनो. मैत्रिणीच्या औषधाला उन्हाची झळ लागू नये म्हणून. आणि मी, ज्याला सव्वीस वर्षं एकच काम येतं, ते काम उत्तम केलं. रामपूरपर्यंतच्या त्या वळणांवर मी आतल्या आत ओरडत होतो. पण माझा आवाज एकाच कारणानं बाहेर येतो, आणि त्या दिवशी माझी काच शाबूत होती.

रामपुरात धर्मशाळेची खोली घेतली. संध्याकाळी जेवणाआधी पार्बताबाई खालच्या नळाच्या रांगेत हातपाय धुवायला गेली, तेव्हा सुंदराबाईनं झाकण उघडलं. बाटल्या दगड झाल्या होत्या. तिनं त्या उजेडात धरल्या. मग दोन्ही बाटल्या काखेत दाबून भिंतीकडे तोंड करून बसली. वितळल्या तेव्हा औषध दुधासारखं एकजीव राहिलं नव्हतं. बारीक पांढरी कणी झाली होती, काचेला आतून चिकटली होती. तिनं हलवून हलवून ती कणी मोडली.

"झालं का माहं औषध तयार?" पार्बताबाई टॉवेलनं तोंड पुसत आली.

"हो," सुंदराबाई म्हणाली. एवढंच.

पार्बताबाईला जवळचं नीट दिसत नाही. सुईत औषध ओढायचं काम प्रवासभर सुंदराबाईच करत होती. तिनं ओढलं. सुई दोनदा बाटलीच्या तोंडावरून घसरली. पार्बताबाई म्हणाली, "थंडी भरली का व तुले?"

तिनं का सांगितलं नाही? मी पुष्कळ विचार केला. तिला खात्री नव्हती, हे एक. वितळलं म्हणजे झालं की, कुल्फी वितळली तरी दूधच राहतं, अशी तिनं मनाची समजूत घातली. आणि दुसरं म्हणजे लाज. बर्फाचं मला शिकवते, असं ज्या तोंडानं म्हटलं त्याच तोंडानं हे कसं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी दोघी नदीकाठी बसल्या. पार्बताबाईनं बाटलीभर पाणी संपवलं, मग दुसरी. बाजारात इथल्या फुलांचे हार पाहायला जायचं ठरलं होतं, तर म्हणाली, उद्या जाऊ. तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरीचा तुकडा तिनं तसाच ठेवला. सुंदराबाई सगळं पाहत होती. माझ्यावर नजर गेली की नजर वळवत होती. मी ते पाहत होतो.

त्या दुपारी पुढच्या गावाची बस धरली. डोंगर पुन्हा सुरू झाला. अर्ध्या तासात पार्बताबाईनं कंडक्टरला बस थांबवायला लावली आणि झाडामागे जाऊन आली. थोड्या वेळानं पुन्हा. बसमधले लोक हसले. ती जागेवर येऊन बसली तेव्हा तिचे ओठ कोरडे पडले होते आणि श्वास लागला होता.

"काय होऊन राहिलं व?" सुंदराबाईनं विचारलं.

"काई नाई. थंडीनं होते."

सुंदराबाईनं मला मांडीवर घेतलं. दोन्ही हातांनी दाबून धरलं, इतकं, की मला वाटलं आता खळखळ होणार.

"पार्बता, मी चुकी केली व. मोठी चुकी केली. नारकंड्याले मी बर्फात मीठ टाकलं. तुह्या बाटल्या दगड झाल्त्या. मी काखेत धरून वितळवल्या अन् तुले सांगतलं नाई."

पार्बताबाई तिच्याकडे वळली.

"मंग मी दोन दिवसापासून काय टोचून राहिली?"

"मले काय मालूम! औषधात कणी कणी झाली होती. माह्यं तोंडच उघडलं नाई." सुंदराबाई रडू लागली.

"कुल्फी लावली माह्या औषधाची!" पार्बताबाई म्हणाली. मग तिनं डोळे मिटले. "मले कालपासून दोन-दोन डोंगर दिसून राहिले. म्या बी नाई सांगतलं. म्हटलं, तू म्हणशीन, बिमार बाईले कायले आणलं."

सुंदराबाई ताडकन उठली आणि कंडक्टरला म्हणाली, "भय्या, रोको! अबी रोको! दवाई की दुकान किदर है?"

बसमध्ये या वेळी कोणी हसलं नाही. पुढच्या फाट्यावर बाजार होता. कंडक्टरनं स्वतः उतरून औषधाचं दुकान दाखवलं. दुकानात एक बाई बसल्या होत्या, स्वेटर विणत. सुंदराबाईनं मला त्यांच्यासमोर ठेवलं, बाटल्या काढल्या आणि तिच्या हिंदीत सगळं सांगितलं. काही म्हणजे काही लपवलं नाही, मिठाची मूठसुद्धा दाखवली.

बाईंनी बाटली उजेडात धरली. "जमी हुई इन्सुलिन किसी काम की नहीं रहती, माताजी. इसे फेंक दो." मग पार्बताबाईचं बोट टोचून यंत्रात साखर पाहिली. त्यांची विणकामाची सुई खाली पडली. दुकान तसंच उघडं टाकून त्या दोघींना समोरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या.

पार्बताबाईला आत नेलं. सुंदराबाई बाकावर बसली, मला छातीशी धरून. सलाईन लावलं म्हणाले. रक्त घेतलं म्हणाले. ती प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत होती. मधेच तिनं मला कानाशी नेऊन हलवलं. का हलवलं, तिलाही माहीत नसेल. हातांना काहीतरी विचारायचं होतं.

उन्हं डोंगरापलीकडे जाता जाता डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, वेळेवर आलात. साखर उतरते आहे. आजचा दिवस आणखी गेला असता तर मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं असतं, आणि तो इथून लांब आहे. दोन दिवस इथेच राहा. मग सरळ घरी जा.

निघताना दुकानातल्या बाईंनी नव्या बाटल्या दिल्या. माझ्यात डोकावून त्यांनी उरलंसुरलं पाणी ओतून टाकलं, फडक्यानं मला कोरडं केलं आणि बाटल्या लोकरीच्या तुकड्यात गुंडाळून आत ठेवल्या. "ठंडे पहाड़ में बरफ नहीं चाहिए. इसे सूखा ही रखो, ठंड अंदर नहीं आएगी." मित्रांनो, थंडी आत राखणं एवढंच माझं काम, असं मला सव्वीस वर्षं वाटत होतं. ती बाहेरही राखता येते, हे मला त्या दिवशी कळलं.

परतीची बस नारकंड्याला थांबली तेव्हा पार्बताबाई सुंदराबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. दोन दिवसांनी तिला अशी शांत झोप लागली होती. आणि बाहेर काहीतरी भुरभुरू लागलं. आधी कापसाचे कण उडाल्यासारखं, मग दाट. बर्फ पडत होता. आभाळातून, आपल्या आपण, कोणीही न कुटता. बसमधली माणसं उतरून नाचू लागली. सुंदराबाई जागची हलली नाही. हलली असती तर खांद्यावरचं डोकं हललं असतं. तिनं काचेवरची वाफ पदरानं पुसली आणि जेवढं दिसलं तेवढं पाहिलं.

बस निघाल्यावर पार्बताबाई जागी झाली. रस्ता पांढरा झालेला. "अवं! पडला? मले काहून नाई उठवलं?"

"झोपली होती तू."

"मंग तू उतरली होती का?"

"उतरली ना. चांगली नाचली." सुंदराबाई म्हणाली. मी तिच्या मांडीवर होतो, म्हणून मला माहीत आहे.

आता आम्ही दर्यापुरात आहोत. पार्बताबाईनं ही गोष्ट बसस्टँडवर सगळ्यांना सांगितली आहे. हार घ्यायला येणाऱ्या अनोळखी माणसालाही ती म्हणते, "थे पाहा, माह्या औषधाची कुल्फी लावणारी." सुंदराबाई मान खाली घालून हसते आणि पोत्यावर शिंपडायला बर्फाचं पाणी देते. हर्षानं माझ्या निळ्या अंगावर पांढऱ्या रंगानं लिहून ठेवलं आहे, "औषध. मीठ टाकू नये." आणि दोघींचा एक नेम झाला आहे. माझ्यात कोणीही काही ठेवलं, की दुसरीला मोठ्यानं सांगायचं. बर्फ ठेवला व. दोन बाटल्या ठेवल्या व. टॉवेल मधात आहे व. जाणारे-येणारे हसतात. हसू देत.

मित्रांनो, माझ्यासारखं जुनं काही तुमच्या घरी असेल तर त्याला जपा. हलवून पाहा, धुऊन कोरडं करा, माळ्यावर विसरू नका. पण त्याहून एक गोष्ट सांगतो. माझ्या आत फुटलं तर आवाज येतो. तुमच्या आत काय बिघडलं त्याचा आवाज येत नाही. चूक झाली असेल तर ती सांगा, त्याच दिवशी सांगा. दुखत असेल तर तेही सांगा. समोरचा रागावेल, दोन दिवस टोमणे मारेल. पण तो असेल तर टोमणे मारेल ना.

कालचीच गोष्ट. दुपारी ऊन रणरणत होतं. पार्बताबाई एक पेला पाणी प्यायली, लगेच दुसरा भरला. गाडीवर कुल्फी देणारा सुंदराबाईचा हात थांबला.

"पार्बता, इतकं पाणी काहून पिऊन राहिली व?"

"ठेचा खाल्ला व माय! तिखट झालं!"

"खरं सांग."

"खरंच सांगून राहिली! पाह्य, जीभ पाह्य!"

आणि भर बसस्टँडवर पार्बताबाईनं जीभ काढून दाखवली. सुंदराबाईनं ती नीट पाहिली. तरीही गिऱ्हाइकाची कुल्फी हातात वितळत असताना तिनं पार्बताबाईचं बोट धरलं आणि गाडीवर ठेवलेलं साखर मोजायचं यंत्र काढलं.